कोरडा दोर, भाग दुसरा

माझ्या आईने एक हजार आठ पानांची भयकादंबरी लिहिली. टीव्हीवाल्यांनी त्यातली पाचशे बारा पानं वाचली आणि तेवढ्यावर दोनशे भागांची मालिका काढली. उरलेली चारशे शहाण्णव पानं त्यांनी का वाचली नाहीत, हे जगात फक्त एका व्यक्तीला माहीत होतं. ती व्यक्ती मी. अपेक्षा धम्मदीप वानखेडे, नववी ब, वाघोली.

आता थाटात सांगतेय, पण दोन वर्षं मी हे कोणाजवळ बोलले नव्हते. आधी भीती वाटायची म्हणून. नंतर, खरं सांगायचं तर, माझं बरं चाललं होतं म्हणून.

मंगळवारी संध्याकाळी राकेश सर घरी आले आणि सगळं सुरू झालं. राकेश सर म्हणजे मालिकेचे क्रिएटिव्ह हेड. वय अठ्ठावीसच्या आसपास, दाढी एकदम कोरलेली, हातात दोन फोन. आई नुकतीच ऑफिसमधून आली होती. बसमध्ये उभी राहून आली की ती दारातल्या स्टुलावर बसते आणि पाच मिनिटं चपलासुद्धा काढत नाही. सरांना तिने त्या स्टुलावरूनच "या" म्हटलं.

"मॅम, गोदा परत येतेय! सीझन टू! या वेळी ती शहरात. थेट सोसायटीत. लिफ्टमध्ये!"

"लिफ्टमध्ये कशाला?" आई म्हणाली.

"आता विहिरी कुठे उरल्यात, मॅम?"

"होती ती तुम्हीच बुजवलीत. शेवटच्या भागात."

"हो, पण टीआरपी बघून चॅनल म्हणालं, उघडा."

सरांनी कागद टेबलावर ठेवले. पहिला करार फक्त पुस्तकापुरता होता. हा नवीन होता. यात गोदा हे पात्र आईने कायमचं देऊन टाकायचं, पुढच्या गोष्टी त्यांचे लेखक लिहिणार, हव्या तेवढ्या, हव्या तशा. सोमवारी सही न्यायला येतो, म्हणाले.

"बरं," आई म्हणाली.

हे 'बरं' मला अजिबात सहन होत नाही. एका स्वल्पविरामासाठी प्रकाशकाशी आठवडाभर न बोललेली बाई आहे ही! आता भाजीवाल्याने शिळी मेथी दिली तरी बरं, बाबांची हिंजवडीची ड्युटी वाढली तरी बरं, आणि गोदाला कायमची हडळ करून टाकतायत तरी बरंच. सर गेल्यावर मी विचारलं, "तू खरंच सही करणार?"

"भांडायला अंगात ताकद लागते, अपू. ती मला ऑफिसला जायला लागते."

आईचं ऑफिस म्हणजे महापालिकेची जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी. दिवसभर ती मेलेल्या माणसांची नावं कॉम्प्युटरमध्ये भरते. लोक तिला विचारायचे, मॅडम, तुम्ही एवढी जाडजूड पुस्तकं का लिहिता? ती म्हणायची, "दिवसभर मी माणसांना एका ओळीत बसवते. नाव, वय, कारण, तारीख. घरी आल्यावर तरी त्यांना जरा ऐसपैस जागा द्यायला नको?" तिच्या तीन कादंबऱ्या आहेत आणि तिन्ही आठशे पानांच्या वरच्या. तिच्या भुतांना दीडशे पानं होईपर्यंत कोणी बघतसुद्धा नाही. वाचणारा मात्र आधीपासूनच पाय पांघरुणात ओढून बसलेला असतो.

त्यातली सगळ्यात जाड 'कोरडा दोर'. पहिल्या अर्ध्या भागात एका गावात विहीर असते आणि त्या विहिरीत गोदाबाई असते. विहिरीवर गेलेली माणसं वेडी होऊन परत येतात. सगळं गाव तिला हडळ म्हणतं. पाचशे बाराव्या पानावर गावकरी दगड टाकून विहीर बुजवतात आणि शेवटचं वाक्य येतं, 'वरचा दगड बसला आणि आतला आवाज थांबला.'

आता कोणालाही वाटेल की संपली गोष्ट. पण ती संपत नाही. पाचशे तेराव्या पानापासून सगळं उलटं होतं. ती बाई त्या विहिरीत का गेली, हे तिथे कळतं. पाटलाचं पोर पाण्यात पडलं होतं. काठावर माणसं उभी होती. गोदाच्या लोकांना त्या विहिरीला शिवायची बंदी होती, तरी तिने उडी टाकली आणि पोराला वर उचलून दिलं. पोर काठावरच्यांनी घेतलं. मग ती खालून हात वर करून उभी राहिली आणि कोणी दोर टाकला नाही. दोर होता. रहाटावर गुंडाळलेला होता. तो कोरडाच राहिला.

आणि नंतर, आपण काय केलं हे कोणाला आठवायला नको म्हणून, गावाने तिची हडळ केली.

हे टीव्हीवर आलंच नाही. टीव्हीवर आली मोकळ्या केसांची, पांढऱ्या साडीची आणि मिनिटाला तीनदा किंचाळणारी गोदा. शेवटच्या भागात दगड पडला, टाळ्या वाजल्या, गाव वाचलं.

आता माझा पराक्रम.

दोन वर्षांपूर्वी आईला चिकुनगुनिया झाला होता. बोटं इतकी सुजली होती की तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. त्याच महिन्यात राकेश सरांचा फोन आला की पुस्तकाची पीडीएफ पाठवा. पीडीएफ कुठली! प्रकाशक वारलेले, दुकान बंद, त्यांच्याकडची फाइल असल्या जुन्या फॉन्टमध्ये की उघडली तर नुसत्या मुंग्या. घरातली शेवटची प्रत अकोल्याच्या मावशीने नेली होती आणि तिने ती कोणाला दिली हे तिलाच आठवत नव्हतं. आई पडल्या पडल्या म्हणाली, "अपू, येरवड्याच्या सुबोध वाचनालयात आहे एक. आण, फोनवर फोटो काढ आणि पाठव. पूर्ण पाठव हं."

सुबोध वाचनालय आमच्या जुन्या घराजवळ आहे. तिथल्या माधवकाकांचा असा सिद्धांत आहे की पाचशे पानांवरचं पुस्तक लोक झोपून वाचतात, पोटावर उपडं ठेवतात आणि मधोमध फाडतात. म्हणून जाड पुस्तक आलं की काका स्वतःच त्याचे दोन तुकडे करून कापडी बांधणी करतात. आणि तुकडा करायचा तो प्रकरण संपतं तिथेच. "प्रकरणाच्या मधून सुरी चालवायला मी खाटीक आहे का?" असं ते विचारतात. तर 'कोरडा दोर'चा भाग एक होता पाचशे बारा पानांचा. भाग दोन बाहेर गेलेला होता.

मी भाग एक आणला. तीन दिवस टेबलावर वाकून एकेक पानाचे फोटो काढले. दर पानाच्या कोपऱ्यात माझा अंगठा. पाठवताना लिहिलं, बाकीचं नंतर पाठवते. म्हणजे लिहिणार होते. मान इतकी दुखत होती की नुसतंच 'सेंड' केलं. आईने विचारलं, "पूर्ण गेलं ना?" मी म्हटलं, "हो."

चार दिवसांनी सरांचा मेल आला, 'अप्रतिम! काय शेवट आहे!'

तेव्हा मी सातवीत होते आणि मला शाळेत कोणी ओळखतही नव्हतं. हजेरीला "यस मॅम" म्हणताना माझा आवाज फुटायचा नाही आणि मॅडम गैरहजेरी लावायच्या. असल्या मुलीने एवढ्या मोठ्या माणसाला फोन करून काय सांगायचं, की सर, हा शेवट नाहीये? मी गप्प बसले. मग मालिका आली आणि गाजली. मी गोदाच्या आईची मुलगी झाले. मग नुसती 'गोदा' झाले. मग मला बोलता येतं असं लोकांना आणि मलाही कळलं. आठवीत वर्गप्रमुख, नववीत गॅदरिंगचं सूत्रसंचालन. अचानक माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जायला लागला.

आई मात्र शेवटचा भाग बघून इतकंच म्हणाली होती, "पुढचं त्यांना नको होतं तर." त्यानंतर तिने लिहिणं बंद केलं. आम्हाला वाटलं, बोटं दुखतात.

गेल्या महिन्यातल्या गॅदरिंगमध्ये मी दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात स्टेजवर केस मोकळे सोडून गोदासारखी हसले. अख्खा हॉल "हडळ! हडळ!" ओरडत होता. मला बक्षीस मिळालं. आई ऑफिसातून थेट आली होती, मागे उभी होती. परत येताना रिक्षात म्हणाली, "छान झालं." खराडी बायपासला रिक्षा अडकली, दहा मिनिटं हललीच नाही. तेव्हा बाहेर बघत म्हणाली, "गोदा माझ्या आजीची सख्खी बहीण होती."

मला वाटलं गंमत करतेय.

"तिची नोंद कुठेच नाही. मी नोकरीला लागल्यावर शोधली. जन्म नाही, मृत्यू नाही. गावात विचारलं तर म्हणाले, ती होय, हडळीची विहीर? आता बुजलीय." मग तिने माझ्या हातातली ट्रॉफी सरळ धरली, कारण ती माझ्या मांडीवरून घसरत होती. "एक हजार पानं लिहिली मी. तिचं म्हणून तेवढं एक नाव उरलं होतं."

त्या दिवसापासून मला ते हसू काढता आलेलं नाही. वर्गात मुली म्हणतात, कर ना, कर ना. घसा बसलाय म्हणून सांगते.

तर मंगळवारी राकेश सर सीझन टूचे कागद ठेवून गेले आणि मी ठरवलं, सोमवारच्या आत सांगायचं. पण नुसतं सांगून काय उपयोग? हातात भाग दोन पाहिजे. बुधवारी शाळा सुटल्यावर बसने येरवड्याला गेले.

"काका, 'कोरडा दोर' भाग दोन आहे का?"

माधवकाकांनी मान वर केली नाही. "असता तर दिसला असता. कपाट काचेचं आहे."

"मग कोणाकडे आहे?"

"हे वाचनालय आहे. चौकशीची खिडकी रेल्वे स्टेशनवर."

"काका, ते माझ्या आईचं पुस्तक आहे."

"मग आईला विचार शेवटी काय होतं. पुस्तक कशाला लागतं?"

"शेवट मला माहितीये! लहान असताना आईने सांगितलाय. आईला विचारून भागलं असतं तर मी बसमध्ये तासभर लोंबकळत तुमचे टोमणे ऐकायला आले असते का?"

हे मी बोलले. मी! सातवीतली अपेक्षा असती तर "थँक यू काका" म्हणून निघून गेली असती. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे बघितलं आणि खणातून एक कार्ड काढलं.

"दुर्गाबाई. आधी इथेच मागच्या गल्लीत राहायच्या, मग मुलाकडे मांजरी गावाला गेल्या. दोन वर्षं आठ महिने झाले. मी तीन पत्रं पाठवली. तिसऱ्याला उत्तर आलं." त्यांनी एक पोस्टकार्ड पुढे सरकवलं. त्यावर मोठ्या, वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वाचत आहे. घाई करू नये.'

"चाळीस वर्षांत मला एवढं मुद्देसूद पत्र आलेलं नाही," काका म्हणाले. "म्हणून चौथं पाठवलं नाही."

गुरुवार-शुक्रवार युनिट टेस्ट होत्या. शनिवारी सकाळची शाळा करून मांजरीला गेले. दोन बस बदलल्या, उन्हाने डोकं चढलं, आणि पत्त्यावर सापडली एक चकचकीत नवीन सोसायटी, जिच्या भिंतीपलीकडे अजून ऊस उभा होता. दुर्गाबाई तळमजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर निळ्या कापडाच्या बांधणीतलं पुस्तक, बोट ओळीवर. आत टीव्ही मोठ्याने चालू होता. आणि काय चालू असावं? गोदाचा पुनःप्रसारित भाग. ती किंचाळत होती.

"आजी, मी वाचनालयातून आलेय. म्हणजे तशी नाही, पण पुस्तकासाठी आलेय."

"म्या सांगितलं हुतं घाई करू नगा म्हणून."

"अडीच वर्षं झाली, आजी."

"मग? म्या साठीला आल्यावर वाचाया शिकले. बाईंनी वर्गात बाराखडी शिकवली, पर वाचाया काय देणार? म्हणून हे आणलं, सगळ्यात जाड. एकदा झालं वाचून. रोज एक पान. पयल्यांदा नुसती अक्षरं वाचली, आता गोष्ट वाचतीया. एकतीस पानं ऱ्हायलीत."

"पण हा दुसरा भाग आहे. पहिला तुम्ही वाचलाच नाही?"

"असल की. मला कुणी सांगितलं?"

मी आत टीव्हीकडे बोट केलं. "ही गोदा बघता का तुम्ही?"

"ती सुनेची. ती येगळी गोदा हाय." त्यांनी तोंड वाकडं केलं. "लई वरडती. माझी गोदाबाई न्हाई वरडत. माझी पान्यात हुबी हाय, हात वर करून, आन् कुणी दोर टाकंना." त्यांचं बोट अजून ओळीवरच होतं. "रोज वाटतं, उद्याच्या पानाला टाकतील. दुसऱ्यांदा वाचतीया तरी वाटतं."

मला एकदम पायरीवर बसावंसं वाटलं. बसलेच. मग सगळं सांगितलं. फोटो, अंगठा, सेंड, गॅदरिंग, सोमवार.

"म्हंजी तुझ्यामुळं ती टीवीत वरडती व्हय?"

"हो."

त्यांनी उसाच्या वाळक्या पातीची खूण पानात घातली, पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं. "आठ दिसांत माघारी आण. खूण हलवू नगस."

आई पलंगावर बसून कोमट मीठपाण्यात बोटं बुडवत होती. मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. तिने ओले हात पदराला पुसले, पुस्तक उघडलं, पान पाचशे तेरा.

"कुठे मिळालं?"

दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं. माझा आवाज सातवीतल्यासारखा झाला, बोलतेय आणि बाहेर काही पडत नाहीये. तरी सांगितलं शेवटपर्यंत.

"म्हणजे," आई म्हणाली, "त्यांनी पुढचं वाचून नको म्हटलं नव्हतं?"

"त्यांच्याकडे ते गेलंच नाही."

तिने डोळे मिटले. "मला वाटलं, मीच वाईट लिहिलंय. दोन वर्षं रोज बसमध्ये ती पानं मनात वाचत होते. कुठे कमी पडलं ते शोधत होते." मग डोळे उघडले. "आणि तुला माहीत होतं. आणि तू स्टेजवर जाऊन हसलीस."

"तेव्हा ती खरी होती हे मला माहीत नव्हतं, आई."

"ती खरी नसती तरी."

मी मीठपाण्याचं भांडं उचलून मोरीत रिकामं केलं.

रविवारी ती माझ्याशी बोलली नाही. चहाचा कप माझ्यासमोर ठेवला, पण ठेवताना माझ्याकडे बघितलं नाही. बाबांनी खुणेने विचारलं, काय झालं? मी खुणेने सांगितलं, नंतर. आई दिवसभर पलंगावर पाय पसरून स्वतःचंच पुस्तक वाचत होती. दुपारी मी पाणी द्यायला गेले तर ती पान सातशेवर होती आणि तिच्या चेहऱ्यावर कुठलाही भाव नव्हता. फक्त पान उलटताना खुणेची ती उसाची पात पडू नये म्हणून तिने ती दोन बोटांत जपून धरली होती.

सोमवारी राकेश सर पेन उघडूनच आले.

"बसा," आई म्हणाली. तिने निळं पुस्तक कागदांवर ठेवलं. "हे आधी वाचा."

"हे काय? सीक्वल? मॅम, तुम्ही लिहून ठेवलाय आणि सांगितलं नाही?"

"सीक्वल नाही. तुम्ही मालिका केलीत त्याच पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग."

सर हसले. मग आमच्याकडे बघून थांबले.

"सर," मी म्हटलं, "ती पीडीएफ मी पाठवली होती. अर्धीच पाठवली. चूक माझी आहे."

"तो प्रत्येक पानावरचा अंगठा तुझा? आमच्याकडे सगळे त्याला गोदाचा अंगठा म्हणायचे!" ते परत हसले, पण अर्धंच. "पण दोनशे भाग झाले, मॅम. चॅनलने वाचलं, लेखकांनी वाचलं. कोणालाच काही अपुरं वाटलं नाही. इतका जबरदस्त शेवट होता!"

"तो मध्य होता," आई म्हणाली.

"आणि ते नावाचं मी विचारणारच होतो तेव्हा, की 'कोरडा दोर' म्हणजे काय, यात दोर कुठे आहे? मग म्हटलं जाऊ दे, आपण नाव बदलतोच आहोत."

"विचारायला हवं होतं."

सरांनी पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं. "किती पानं आहेत?"

"चारशे शहाण्णव."

"एक पानाचा सारांश मिळेल का?"

"नाही."

आई ज्या प्रकारे "नाही" म्हणाली ना! मोठ्याने नाही, रागाने नाही. दमलेलीच होती, डोळ्यांखाली काळं होतं, बोटं सुजलेली होती. पण ते 'बरं' नव्हतं. मी दोन वर्षांनी ऐकला तो आवाज.

मग सर बरंच बोलले. चॅनल थांबणार नाही, सेट लागलाय, लिफ्टसुद्धा बांधून झालीय. चांगली हडळ लोकांना चालत नाही. शेवटी म्हणाले, "मॅम, तुम्ही सही नाही केलीत तर आम्ही नाव बदलून करू. गोदा नाही, दुसरी कोणीतरी."

"बदला."

"लोक ओळखायचे ते ओळखतीलच."

"ओळखू देत. नाव तिचं नको."

सरांनी कागद गोळा केले. दारात वळून म्हणाले, "तरी या भागाची पीडीएफ पाठवून ठेवा. बघतो." ते बघणार नाहीत हे आम्हा तिघांनाही कळत होतं. जुने भाग अजून दुपारी लागतात, गोदा अजून किंचाळते. ते काही थांबलं नाही. आई दार लावून त्याच स्टुलावर बसली आणि पाच मिनिटं तशीच बसून राहिली.

मग म्हणाली, "फोन आण तुझा."

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी आम्ही फोटो काढले. पुस्तक जाड, पानं मिटायची, म्हणून आई दोन्ही बाजूंनी दाबून धरायची आणि मी वरून फोटो काढायचे. ती फार बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "जरा डावीकडे घे. तुझी सावली पडतेय." तेव्हा मला जरा हायसं वाटलं. या वेळी दर पानावर तिचे अंगठे आहेत, सांध्यांवर सुजलेले. मी क्रॉप करत होते तर म्हणाली, राहू दे.

रविवारी आम्ही दोघी मांजरीला गेलो. जाताना माधवकाकांकडून भाग एक मागून घेतला होता. दुर्गाबाई त्याच खुर्चीत होत्या. मी म्हटलं, "आजी, ही माझी आई. हिनेच लिहिलंय."

दुर्गाबाईंनी आईला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लई दमलीयास," म्हणाल्या. "बस."

आईने निळं पुस्तक त्यांना दिलं. त्यांनी आधी खूण तपासली. मग आईने दुसरं पुढे केलं. "हा पहिला भाग. तुमचा वाचायचा राहिलाय."

"ह्यात काय हाय?"

आईने जरा विचार केला. "ह्यात सगळे तिला घाबरतात."

"मग कशाला वाचू?"

आई हसली. खरंच, आवाज करून. मग भाग एक माझ्या मांडीवर ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. दुर्गाबाईंनी खूण काढली, ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या, एकेक शब्द सोडवत. तो शेवटच्या एकतीस पानांचा भाग होता. वाचलेलं ते पोर आता म्हातारं होऊन गावात परत येतं, विहिरीवरचे दगड एकट्याने काढायला लागतं. त्याला ते झेपत नाही. तो एक दगड काढतो, बसतो, परत उठतो. शेजारी रहाटावरचा तो कोरडा दोर ठेवलेला असतो.

"आज एकच पान का?" मी विचारलं.

"आज समदं. लिवणारी बसलीया नव्हं हितं."

उन्हं कलली तरी त्या वाचतच होत्या. मधे सून चहा ठेवून गेली, तो निवला. तिसाव्या पानापर्यंत आईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. मला वाटलं ऐकतेय. ती गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, सुजलेली बोटं मांडीवर सैल पडलेली.

मी तिला हलवणार होते. दुर्गाबाईंनी मानेनेच नको म्हटलं. आवाज थोडा खाली आणला आणि बोट शेवटच्या ओळीवर आणलं.

"दोर," त्या वाचत होत्या, "ओला... झाला."